बटन दाबायचा मान

मी कंप्युटरवर काम करतो, असं लग्न जमवताना माझ्या मामांनी सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. वर्ध्याच्या एका ऑफिसात मी पत्रं टाइप करायचो. (कंप्युटर सुरू करायचा शिपाई आणि बिघडला की नागपूरहून माणूस यायचा. पण हे मामांनी सांगितलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं नाही.)

पहिल्या दिवाळसणाला देवळीला गेलो, तर सासऱ्यांचा कंप्युटर बंद पडलेला. सासऱ्यांचं घरापुढेच कापडाचं दुकान, कंप्युटर तिथलाच. त्यांनी निम्म्या बाजाराला सांगून ठेवलं होतं, "आमचे जवाई आले का चुटकीत दुरुस्त करतेत!" शेजारचे किराणावाले बाबाराव तर ते बघायला खुर्ची टाकूनच बसले होते.

"सिस्टीम नवी टाका लागते," मी म्हणालो. हे वाक्य नागपूरच्या माणसाचं, मी फक्त पाठ केलं होतं.

सासूबाईंनी कंप्युटरसोबत मिळालेली, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून जपलेली सीडी आणून दिली. ती आत सारली आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: सीडीपासून सुरुवात करायची असेल तर कोणतंही बटन दाबा. मी खणखणीत आवाजात भाषांतर केलं, "कोणतंबी बटन दाबा, म्हणते!" (आधीचा 'असेल तर' मी गिळला. घाईत लहानसहान शब्द राहतातच!)

आता असलं शुभकार्य आपणच उरकणं बरं दिसतं का? म्हणून पहिला मान सासऱ्यांना दिला. त्यांनी बाह्या सारख्या करून बटन दाबलं. फायली उतरल्या, बराच वेळ उतरल्या. मग कंप्युटर आपोआप बंद होऊन चालू झाला आणि पुन्हा तीच ओळ!

"आता सासूबाई!" मी म्हणालो. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन दाबलं. फायली परत पहिल्यापासून उतरू लागल्या.

"काऊन जी, हे तं आताच झालतं ना?" बाबारावांनी विचारलं.

"पक्कं करून राह्यला," मी म्हणालो.

"वावर नाई का आपण दोनदा वखरत?" सासऱ्यांनी माझी बाजू सावरली.

पुन्हा ओळ आली. मेव्हणीने दाबलं. पुन्हा पहिल्यापासून! मग बाबाराव उठले. "मले बी दाबू द्या ना, शेजारी हावो!" शेजाऱ्याला कसं डावलणार? पुन्हा पहिल्यापासून! सासूबाईंनी मॉनिटरला हळदीकुंकू लावलं, नारळ आणला आणि म्हणाल्या, "कशावर फोडू?" त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सावंगीले माह्या भाच्याचा दोस्त शिकून राह्यला, त्याले बलावू काय?" बाबाराव म्हणाले.

"तिथं तं डॉक्टर शिकतेत!" सासरे म्हणाले.

"मंग? याचा बी इलाजच करा लागते ना!"

बायको हळूच माझ्याजवळ आली. "अहो, येते ना तुमाले?" तिचा चेहरा एवढासा झाला होता. बाजारात माझी अब्रू जाते ती जावो, पण माहेरी तिची मान खाली जाणार, या विचाराने मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात आतून हाक आली, "पानं वाढली!" फायली उतरत होत्या, तरी सगळे उठले. मी पुरणपोळी गिळत होतो आणि मनात एकच घोर: आता ती ओळ येईल आणि दाबायला तिथं कोणीच नसेल!

ओळ आली असणार. थोडा वेळ वाट बघून गेलीही असणार. कारण हात पुसत परत आलो, तर पडद्यावर भलतंच रंगीत चित्र होतं आणि कंप्युटर चक्क पुढचे प्रश्न विचारत होता! बटन दाबलं की सुरुवातीपासून, न दाबलं की पुढे, एवढंच ते होतं. आम्ही आपले मान देत बसलो होतो!

"काय केलं जी तुमी?" बाबारावांनी डोळे विस्फारले.

"काई नाई," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य.

सासऱ्यांची छाती फुगली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात त्यांचं एकच चालू होतं, "आमचे जवाई काई करत नाईत, पण काम होऊन जाते!"

हे वाक्य देवळीत अजून चालतं. माझी बायकोही ते येईल-जाईल त्याला ऐकवते, फक्त घाईत 'पण'पासून पुढचं गिळते.