जगताप हवालदारांची दोन मापे

कोणत्याही घरी वीज तपासताना जगताप हवालदार मीटर दोनदा लावीत: एकदा सारी बटणे बंद असताना, एकदा सारी चालू करून. विचारले तर म्हणत, “बसलेल्या जवानाचा दम मोजून काय कळणार? त्याला पळवा, मग मोजा.”

फौजेतून निवृत्त झालेले हे सातारचे गृहस्थ यमुनेपलीकडच्या आमच्या नव्या सोसायटीत वायरमन होते. मी कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यातील शब्द आजवर कोणी बदललेला नाही.

त्या उन्हाळ्यात मागच्या ब्लॉकमधले कूलर फिरेनात. पुरवठ्याचे व्होल्टेज अपुरे असल्याची चार पानी तक्रार मी वीज कचेरीसाठी लिहिली. जगतापांनी ती वाचली.

“मुन्शीजी, खाली मीटरपर्यंत व्होल्टेज पूर्ण येतंय. बिल्डरनं जिन्यातून बारीक तार नेलीय. तार जितकी बारीक आणि लांब, तितकी तिची अडवणूक जास्त. कूलर लागले की करंट वाढतो, आणि वरचं व्होल्टेज वाटेतच खर्च होतं. अर्ज बिल्डरला करा.”

“तुम्ही पाना सांभाळा, मी लेखणी सांभाळतो,” मी म्हणालो. अर्ज तसाच गेला.

निरीक्षक सकाळच्या गारव्यात आले. कूलर बंद होते. मीटरने पूर्ण व्होल्टेज दाखवले आणि तक्रार निराधार ठरली. पुरवठा ठीक, तर दोष वायरमनचाच, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी संतापले. “जगतापजी, आप से कुछ नहीं होगा, यार!” समितीने त्यांना अकार्यक्षम ठरवून काढले. ते पत्रही मीच लिहिले.

पत्र घेऊन जगताप मला मागच्या ब्लॉकमध्ये घेऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या एका घरातले सारे बंद असताना मीटर लावला: दोनशे वीस. मग कूलर सुरू करवले: एकशे सत्तर. जिन्यातल्या तारेच्या आवरणावर त्यांनी माझा हात ठेवला. ते चांगलेच तापले होते.

“हे बघा, तुमचं हरवलेलं व्होल्टेज. इथं गरम होऊन बसलंय.”

त्यानंतर मी बिल्डरला एका पानाचा अर्ज केला. जाड तार आली, कूलर फिरले. जगतापांवरील ठपका मागे घ्या, असे मी समितीला सुचवले. “अब छोड़ो भी, मुन्शीजी,” सेक्रेटरी म्हणाले.

तेव्हा मी स्वतःच लिहिले: ‘श्री. जगताप यांचे निदान प्रथमपासून अचूक होते. चूक माझ्या मसुद्याची होती.’ दुसऱ्यांच्या सह्यांसाठी हजारो कागद लिहिले. या कागदाखाली सही माझी केली.

जगताप तोवर मानेसरला एका कारखान्यात लागले होते. ते कंपनीच्या बसमधून उतरताच मी त्यांच्या हाती कागद दिला. त्यांनी उभ्यानेच तो वाचला, घडी करून छातीच्या खिशात ठेवला.

“बायकोला सांगितलं होतं, मीच सोडली नोकरी,” ते म्हणाले. “आज खरं सांगतो.”