साबणाच्या डबीतला जीपीएस

बाबांसाठी मी एक डबी बनवलती. साबणाची प्लास्टिकची डबी, आत मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आन एक बजर. गोळ्यांची वेळ झाली का ती गळ्यात कोकले. शाळेत विज्ञान शिकवते, घरी आल्यावर असे उद्योग करते. आई म्हनते, लोकाच्या पोरी स्वेटर विनतात.

मंग एक दिवस बाबा वावरात म्हनून निघाले आन भलत्याच बाजूले, दारव्ह्याच्या रस्त्यावर सापडले. जल्मभर तुडवलेली वाट इसरले. आई दोन दिवस धड जेवली नाही. तवा म्या ठरवलं, याच डबीत जीपीएस बसवाचं, म्हंजे बाबा कुठं हायेत ते माह्या मोबाईलवर दिसन.

बसवाचं म्हनाले सोपं. व्हिडिओतला मानूस पाच मिनिटात बसवते, लगेच त्याचा दिवा लुकलुकते. आपलं जीपीएसचं मॉड्यूल ठार मुकं. पयले चार दिवस तं बोलनारी तार बोलनाऱ्या तारेलेच जोडेल होती. दोघंबी बोलून राह्यले, आयकनारं कोनी नाही, थेट आमच्या घरासारखं. ते सुधारलं तरी उपग्रह शून्य. दुसरं मॉड्यूल मागवलं, तेबी तसंच. आठ दिवस डोकं फिरलं होतं. वर्गात विनाकारन खेकसली, घरी भाजी करपवली.

शेवटी अंगनात डाळ पाखडता पाखडता आईनं इचारलं, आभाळातलं पाहाचं हाय तं टिनाखाली कायले बसली? घ्या! डोक्श्यावर लोखंडी टिनाचं छप्पर, आन मी विज्ञानाची मास्तरीन. अंगनात नेल्यावर थोड्या वेळातच दिवा लागला. आनंद राह्यला बाजूले, मले सोताचाच असा संताप आला का इचारू नका.

पन बाबा घरात असले का पुन्हा टीन आडवं येनार. म्हनून म्या आनखी शहानपना केला. प्रोग्राममधे लिहून ठेवलं, नवा ठिकाना भेटला नाही तं शेवटचा ठिकानाच पाठवत राह्य. वरून एक सिम टाकलं आन डबी बाबांच्या गळ्यात अडकवली. त्यायनं ती उलटीपालटी करून पाह्यली, महाग दिसते म्हनाले.

पंधरा दिवस झकास चाललं. वावर, पार, घर. मंग एका दिवशी शाळेत मोबाईल पाह्यला, बाबा घरी. जेवनाच्या सुट्टीत पाह्यला, बाबा घरी. शाळा सुटाच्या टायमाले आईचा फोन आला, बाबा चहा पिऊन सकाळी गेले ते अजून आलेच नाहीत. म्या म्हनलं, घरीच हायेत, नीट पाह्य. आई रडाले लागली.

गाडी काढली. तीन गावं पालथी घातली. चौथ्या गावात बस थांब्याच्या ओट्यावर बसून होते, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, ओठ सुकेल. पानी पाजलं. गळा पाह्यला तं डबी नाही.

इचारलं तं म्हनाले, पेटीत हाय, कोऱ्या धोतराच्या घडीत. आमच्या घरची रीतच ती. नवीन आन महाग काही आलं का लोखंडी पेटीत जाते. मी आनलेली शाल तिथं, आईचं घड्याळ तिथं. डबी त्या पेटीत बसून, आभाळ दिसत नाही म्हनून, माह्याच हुकमानं मले दिवसभर सांगून राह्यली होती का बाबा घरी हायेत.

मंग माहा तोल गेला. भर रस्त्यात बापावर वरडली, "कायले काढली बाबा? तुमी हरवू नये म्हनून तं केलती ना?"

बाबा हळूच म्हनाले, "बाई, माह्या डोक्श्याचा आता भरोसा नाही. मी हरवलो असतो, तं तुही डबीबी माह्यासंग हरवली असती."