चादरीखालची मूठ

कूलरची खस भिजली की नागपुरात डॉक्टरकी शिकतानाची एक दुपार आठवते. परीक्षा तोंडावर होती. मी भिंतीवर टाइमटेबल लावून घोकत बसायचो आणि माझा रूममेट जेवला की डोक्यावरून चादर ओढून आडवा व्हायचा. तरी आधीच्या प्रत्येक तोंडी परीक्षेत तो माझ्यापुढेच! याला प्रश्न आधीच कळतात, अशी माझी खात्री होती. त्यातच आमच्या हाडांच्या संचातलं मनगटाचं एक हाड सापडेना. त्या दुपारी मी पुस्तक मिटून त्याच्यावरच नजर ठेवली. चादरीखाली मूठ हलली. मी झटकन चादर ओढली. तळहातावर तेच वाटाण्याएवढं हाड! "न पाहता ओळखाले शिकून राहिलो गा," तो म्हणाला, "अन् तू अभ्यास सोडून मलेच काहून पाहून राहिला?" आता माझी तान्ही नात दुपारी मुठी मिटून झोपते, तर ती झोपलीय यावरसुद्धा माझा विश्वास बसत नाही.