लहानीची अवलक्षणी कोंबडी

लहानीची कोंबडी अवलक्षणी आहे, हे शेणव्याजवळच्या आमच्या पाड्याने एकमताने ठरवून टाकलं होतं. कोंबडीचा गुन्हा एवढाच, की तिने लागोपाठ मऊ, बिनकवचाची अंडी घातली. अशी कोंबडी घर बुडवते म्हणे. लहानीच्या सासूने, सकुबाईने, जाहीर केलं, दिवाळीतल्या वाघबारशीच्या आत हिला कापायची.

मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. कोंबडी लहानीने लग्नात माहेराहून आणलेली. आज कोंबडीला अवलक्षणी म्हणणारं तोंड उद्या सुनेला तेच म्हणणार, हे लहानीला पुरतं कळत होतं.

भात पिकायला लागलं की आमच्याकडे कोंबडा-कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, डालून ठेवतात, नाहीतर त्या शेतात शिरतात नि शेजारी भांडायला येतो. डालग्याखाली खायला काय, तर कणी आणि कोंडा. आपण भात खातो, मग कोंबडीनेही तोच खावा! किडा नाही, पाला नाही. लहानी मुरबाडकडची. तिकडे मोकळ्या कोंबड्या काय काय उकरून खातात, ते तिने पाहिलेलं.

"नुसत्या भातावर मी तरी धड राहीन का?" म्हणत ती कामाला लागली. वाळवीची ढेकळं आणली, शेवग्याचा पाला चिरला, कोंड्यात नाचणी नि चिमूटभर सुकट कालवलं. अंड्याला कवच धरावं म्हणून नदीतले शिंपले उखळात कुटायला घेतले, तशी सकुबाई भडकली.

"उखळात भात कांडायचा का शिंपले गो?"

"मग दगडावर कुटते. पण कुटणार."

"माणसाच्या तोंडचं सुकट कोंबडीला घालते."

"माझ्या ताटातलं घालते, आत्या. तुमच्या नाय."

वाघबारशीच्या आदल्या दिवशी नवरा, मंगळू, सुरी घेऊन आला. लहानी डालग्याला पाठ लावून बसली.

"ऊठ गो."

"नाय उठत. आधी माझ्या आयेला निरोप धाड, तिची कोंबडी कापतो म्हणून. मग सुरी लाव."

मंगळू सुरी वळचणीला खोचून गेला. बारस झाली. कोंबडी जिवंतच होती.

पुढे एका सकाळी तिने अंडं घातलं. सकुबाईने ते बोटांनी दाबून पाहिलं. दबलं नाही. तिने तवा चुलीवर ठेवला. अंडं फोडणार, तोच लहानीने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"हे खायचं नाय, आत्या. खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवणार. हिचीच पिल्लं तुमच्या अंगणात फिरतील, नि दाणे तुमीच टाकाल."

सकुबाईने तवा उतरवला.