दोन खुंट्यांचे बापू

रिकामी खुंटी बापूंना बघवत नसे. आमच्या ऑफिसात माणसं सात आणि ऑफिसच्या मोटारसायकली दोन. किल्ल्या दाराजवळच्या दोन खुंट्यांवर असत. एखादी जागेवर दिसली नाही की बापूंचा आवाज चढायचा, "किल्ली खिशात घालून जेवाय बसलाय व्हय रं? बाकीच्यांनी काय उडत जायचं?"

बापू हुपरीचे. घरचा धंदा चांदीच्या पैंजणांचा, पण चाळिशी उलटल्यावर हा माणूस जावास्क्रिप्ट ही वेबपानं चालवायची भाषा शिकला आणि आमच्याकडे आला. शिरोलीतल्या एका फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, आम्ही ऑर्डरींचं वेबपान करून दिलं होतं. ते उघडलं की पुण्यातल्या सर्व्हरला एकदम दहा-बारा गोष्टी विचारायचं. त्या काळचा ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या करू द्यायचा. फालतू विचारणा पुढे घुसल्या की भट्टीवरचा माणूस ताटकळायचा.

बापूंनी पानातच कोड लिहिला. दोन जोडण्या उघड्या ठेवायच्या, निकडीच्या विचारणेला आधी द्यायच्या, काम झालं की परत घ्यायच्या. कुणी विचारलं की ते खुंट्यांकडे बोट दाखवत. "दर खेपंला नवी गाडी घ्यायची काय? हाय ती परत ठिवली की भागतंय."

माझं काम चाचणीचं. बापूंच्या कोडाशिवाय पानाला अकरा सेकंद लागत, कोडासकट चार. ते आकडे मी स्वतः घड्याळ लावून घेतले होते.

दोन वर्षांनी फाउंड्रीत नवा ब्राउझर आला. तो सहा जोडण्या द्यायचा. आमचे मालक मला म्हणाले, "पुन्हा मोजा. फरक दिसला तर बापू राहतील. नाहीतर त्या कोडासाठी वेगळा माणूस मला परवडत नाही."

मी वीस वेळा मोजलं. कोडासकट तीन सेकंद, कोडाशिवायही तीन. मशीन बदललं, वेळ बदलली, तीनच. एकदा कोडाशिवाय पाच आले आणि मला हायसं वाटलं. मग कळलं, शेजारच्या टेबलावर कुणीतरी इंटरनेटवरून मोठी फाइल उतरवून घेत होतं. तो आकडा मी खोडला.

बापू मागेच उभे होते. "का खोडला, मास्तर?"

"खरा नव्हता."

"मग बरं केलं. आकडा वाकवू नका. पान लवकर येतंय न्हवं? त्येच्यासाठीच केलं हुतं की सगळं."

मी उरलेले आकडे कागदावर उतरवले. कागद मालकांच्या टेबलावर गेला.

शेवटच्या दिवशी बापूंच्या हातात डबा आणि एक पिशवी होती. मी खुंटीवरची किल्ली काढली. "चला, स्टँडवर सोडतो."

"ऑफिसची हाय ती. कुणाला लागंल," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातातून घेतली, परत खुंटीवर अडकवली आणि हुपरीच्या एसटीसाठी चालत निघाले.

मी दारातच उभा राहिलो. दोन्ही किल्ल्या जागेवर होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या कुणालाच लागल्या नाहीत.