स्वतःला बोल लावायचं थांबलं तेव्हा

२००४च्या ऑगस्टमध्ये वडील गेले. त्या सकाळी त्यांच्या छातीत जळजळत होतं. गॅस झाला असेल म्हणून मी त्यांना ओव्याचं पाणी दिलं आणि धामापूरला शाळेत शिकवायला निघून गेले. दुपारी मालवणात डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणायला हवं होतं."

ते वाक्य काही माझ्या कानातून जाईना. भाकरी करपली तरी मनात यायचं, तुला कधी काही जमलंय का? मुलांच्या वह्या तपासताना एक चूक राहिली तरी तेच. जेवण जाईना. वर्षभराने धाकट्या बहिणीने मला ओढतच मालवणातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. सकाळची शाळा सुटली की दर शनिवारी दुपारी आम्ही सहाजणी तिथे सतरंजीवर गोल बसायचो.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी कागद वाटले. "मनात स्वतःला जे बोलता ते जसंच्या तसं लिहा. शेजारणीला वाचून दाखवा. तिने सख्ख्या बहिणीला द्यावं तसं उत्तर द्यायचं."

माझी शेजारीण तारकर्लीची, मासे विकणारी. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मीच लिहून घेतलं. तिचा नवरा वादळात होडीसकट गेला होता. "तो दर्यात जावक नको म्हणत होतो. मियांच तेका धाडलंय," ती म्हणाली.

"वारो सुटतलो ह्या तुका खंय म्हायत होता?" मी पटकन बोलून गेले. तिने पदराने डोळे पुसले.

मग माझी पाळी. मी वाचलं, "मी वडिलांना ओव्याचं पाणी देऊन मारलं."

तिने माझं मनगटच धरलं. "गो, मगे तुका तरी खंय म्हायत होता? बापाशीक बरा वाटाचा म्हणानच दिलंस मां?"

मिनिटापूर्वी मी तिला हेच सांगितलं होतं, आणि अगदी मनापासून. आता ते खोटं कसं म्हणू? मला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं.

"आता छातीवर हात ठेवून हेच स्वतःला म्हणा," बाई म्हणाल्या.

छातीवर हात ठेवताना लाजल्यासारखं झालं. "तुका म्हायत नाय होता गो," मी हळूच म्हटलं. वर्षभर मी स्वतःला शाळेतल्या मराठीत झापत होते. घरच्या बोलीत तसं रागावता येईना.

बोल लावायची सवय एका दिवसात सुटली नाही. पुढे बरेच शनिवार गेले. पण त्या संध्याकाळी एसटीत मला इतकी गाढ झोप लागली की माझा थांबा मागे पडला. कंडक्टरने उठवलं. दोन किलोमीटर मागे चालत घरी आले ती कडकडून भूक घेऊनच. बहिणीने भात आणि बांगड्याची आमटी वाढली.

"आणखी भात आहे?" मी विचारलं, आणि ती भांडं आणायला धावलीच.