वसंताच्या कॅसेटमधला पक्षी

जानेवारीत सांता क्लाराहून, माझ्या भाचीच्या घरून, आम्ही मोटारीनं निघालो. मोटार शिरीष चालवत होता. माझा मुलगा वसंता आणि तो तिथं एकत्र शिकायला होते. मागं भाचीची मुलगी मीना. मांडीवरच्या पिशवीत दशम्या, चटणी आणि वसंताची कॅसेट. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा. ही शेवटची. नंतर वाळवंटाच्या रस्त्यावर त्याची गाडी उलटली आणि तो गेला. ज्या पक्ष्यासाठी तो तिकडं जायचा, तो मला एकदा पाहायचा होता.

डोंगर उतरल्यावर मोहावी वाळवंट लागलं. एका वळणावर शिरीषनं मोटार हळू केली. मी त्या वळणाला हात जोडले.

मोटेलात (रस्त्याकडेच्या उतारघरात) मुक्काम केला. मीनानं दशमी केचप लावून खाल्ली.

सकाळी मी भाचीचे बूट घालून चालू लागले. सॉल्टबुशच्या (राखी, खारट पानांच्या झुडपाच्या) फांदीत पदर अडकला.

"काकू, वसंताचा एकही शर्ट या झुडपांनी धड ठेवला नाही," शिरीष म्हणाला. "तो पक्ष्यामागे पळायचा आणि मी त्याच्यामागे. यार, पाणी तरी पी, म्हणायचो."

बऱ्याच दिवसांनी मी हसले.

हा पक्षी एवढ्याच मुलखात राहतो, थंडीतही सोडून जात नाही, असं शिरीष सांगत होता. पण पक्षी दिसेना.

"कॅसेटमधली या पक्ष्याची शीळ लावू?" टेप झुडपाशी ठेवत शिरीषनं विचारलं. "आपल्या जागेत दुसरा शिरला असं वाटून तो बाहेर येतो."

मी मान डोलावली.

"आई, आता मी गप्प बसतो. तू ऐक," टेपमधून वसंता बोलला. मग शीळ.

तो पक्षी, थ्रॅशर (सातभाईएवढा, वाकड्या चोचीचा, वाळूच्या रंगाचा) शेपटी उभारून धावत आला. झुडपावर चढून गायला. मग खाली उतरून टेपभोवती फिरला, झुडपात डोकावला, पुन्हा टेपकडे आला.

"हू इज ही लुकिंग फॉर?" मीनानं विचारलं.

"टेपमधल्या पक्ष्याला," शिरीष म्हणाला.

मला बघवेना. "बंद कर रे," मी म्हणाले. "तिथं कोणी नाही. उगाच शोधत बसेल."

परतताना शिरीषनं हळूच विचारलं, "काकू, वसंताचा आवाज लावू?"

"नको."

वर्षभर रोज दिवेलागणीला मी ती कॅसेट लावायची, आणि आवाज थांबला की दाराकडे बघायची. गावी परतल्यावर ती ट्रंकेत, त्याच्या स्वेटरखाली ठेवली. दाराकडे मात्र अजून बघते.